लंगडणारा मासा

शीर्षक वाचून हा लेख मासे खाण्याबद्दल आहे असं वाटून कोणी मेसच्या रांगेतून इकडे वळलं असेल, तर आधीच माफी मागतो. इथे रस्सा नाही. इथे एक माणूस आहे, एक होडी आहे आणि एक लाकडाचा खोटा मासा आहे. त्या माणसाचं नाव लौरी रापाला. जगात जिथे जिथे लोक हौसेने गळ टाकतात तिथे हे नाव माहीत आहे. आपल्या होस्टेलमध्ये मात्र मी चाळीस जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. (एकाला ती मोबाईलची कंपनी वाटली! फिनलंड म्हटल्यावर त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता म्हणा.)

मी वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा. आमच्या गावाला समुद्र दिसत नाही. नावातच बाजार आहे, आणि मुंबईचा समुद्र आमच्याकडे समृद्धी महामार्गाच्या पाटीवर फक्त अंतर म्हणून लिहिलेला असतो. मग या मुलाला मासेमारीचं खूळ कुठून लागलं? तर धरणामुळे. आमच्या भागात लहानमोठी धरणं आणि तलाव बरेच आहेत. कारंज्याजवळचं अडाण धरण तर सगळ्यांना माहीत आहे. सुट्टीत गावी गेलो की मी एका भोई काकांच्या डोंग्यात बसून जायचो. ते जाळं टाकायचे, मी बडबड करायचो. त्यांनी मला मरळ हा मासा दाखवला. गवताच्या कडेला दबा धरून बसणारा, बेडूक दिसला की गोळीसारखा सुटणारा. मरळ गळाला कशी लावायची हे विचारल्यावर काकांनी सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हा विसरलो होतो. ती शेवटी सांगतो.

आता लौरीकडे वळू.

लौरीचा जन्म २८ नोव्हेंबर १९०५ चा, फिनलंडमधल्या स्यूस्मा या भागातला. त्या वेळी फिनलंड स्वतंत्र देश नव्हता, रशियाच्या झारच्या साम्राज्यात होता. स्वातंत्र्य मिळालं डिसेंबर १९१७ मध्ये. म्हणजे लौरी बारा वर्षांचा असताना. लगेच १९१८ मध्ये तिथे यादवी युद्ध झालं. अशा काळात आणि गरिबीत हा मुलगा वाढला. वडिलांचं छत्र नव्हतं. आई, तिचं नाव मारी, मोलमजुरी करून त्याला वाढवत होती.

त्याच्या आडनावाची गोष्ट मला फार आवडते. लौरी सात वर्षांचा असताना आई त्याला घेऊन शेजारच्या आसिक्काला या भागात राहायला गेली. तिकडे जन्ममृत्यूच्या नोंदी चर्चच्या वहीत होत असत. नोंद करणाऱ्या लेखनिकाला यांचं आडनाव काही आठवेना. खरं आडनाव होतं सारिनेन. त्याने काय करावं? हे लोक ज्या वाडीतून आले तिचंच नाव आडनावाच्या जागी लिहून टाकलं. रापाला! फिनिश भाषेत रापा म्हणजे चिखल. म्हणजे आडनाव झालं चिखलवाडी.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. माझ्या आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये १ जून आहे. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची पण १ जूनच आहे. गुरुजींनी जे लिहिलं ते खरं. पण त्या फिनिश लेखनिकाचा विसराळूपणा पुढे लाखो खोक्यांवर छापला गेला, एवढाच फरक.

लौरीचं शिक्षण फारसं झालं नाही. हाताला मिळेल ते काम. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, उन्हाळ्यात शेतमजुरी आणि मासेमारी. १९२८ मध्ये एल्मा लेप्पानेन हिच्याशी लग्न झालं. पुढे मुलं झाली आणि घरात खाणारी तोंडं वाढली. जमीन नव्हती. होतं ते समोरचं पाणी.

त्या पाण्याबद्दल थोडं सांगतो. फिनलंडमध्ये सुमारे १ लाख ८८ हजार तळी आहेत. त्यातलं पैय्यान्ने हे दुसऱ्या क्रमांकाचं. क्षेत्रफळ सुमारे १,०८० चौरस किलोमीटर आणि खोली जास्तीत जास्त ९५ मीटर, म्हणजे देशातलं सर्वांत खोल तळं. सिव्हिलवाल्या मित्रांसाठी खास माहिती: राजधानी हेलसिंकीला याच तळ्याचं पाणी १२० किलोमीटर लांबीच्या, खडकातून खोदलेल्या बोगद्यातून जातं. हा बोगदा १९७२ ते १९८२ या काळात झाला आणि तो सुरू होतो तो लौरीच्या आसिक्कालाच्या बाजूने. पण लौरीच्या तरुणपणी तिथे बोगदा नव्हता. होती फक्त त्याची वल्ह्याची होडी.

त्याचा धंदा असा होता. काही मासे जाळ्याने धरायचे. पाईक आणि पर्च हे मासे लांब दोरीला बांधलेल्या गळांनी धरायचे. एका दोरीला हजार गळ. प्रत्येक गळाला रोज नवीन आमिष म्हणून छोटे जिवंत मासे लावायचे. हजार गळांना आमिष लावायला किती वेळ लागत असेल याचा विचार करा. आमची एक असाइनमेंट कॉपी करायला लागतो त्याच्या दहापट तरी नक्की! असं सांगतात की तो दिवसाला ४८ किलोमीटरपर्यंत होडी वल्हवत असे. इंजिन नाही. दोन हात, दोन वल्ही.

आता पाईक म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पाईक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मीटरभर किंवा त्याहून लांब होतो. तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं आणि आत सुईसारखे दात. त्याचे पाठीवरचे आणि पोटाखालचे पर अगदी मागे, शेपटीजवळ असतात. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर सगळी ड्राईव्ह मागच्या चाकांना दिली आहे. त्यामुळे लांब पल्ल्याची धाव त्याला जमत नाही, पण जागेवरून एकदम वेग घेणं जबरदस्त जमतं. म्हणून तो पाणवनस्पतीच्या कडेला दगडासारखा स्तब्ध राहतो आणि एकाच झेपेत काम संपवतो. आपली मरळ वेगळ्या कुळातली, पण धंदा तोच. या पाईकचा अमेरिकेतला थोरला भाऊ म्हणजे मस्की. तो फक्त उत्तर अमेरिकेत सापडतो, आकाराने अजून मोठा आणि स्वभावाने अजून संशयी.

लौरी रोज होडीतून हे सगळं बघायचा. बघता बघता त्याला एक गोष्ट दिसली. छोट्या माशांचा मोठा थवा चाललेला असतो. सगळे सारखे, सगळे चकचकीत. शिकारी मासा त्यांच्यामध्ये घुसतो, पण तो कोणालाही धरत नाही. शेकडो माशांमधून तो एकच निवडतो. कोणता? जो किंचित डगमगतो आहे. ज्याची चाल जराशी बिघडली आहे. जो जखमी आहे किंवा आजारी आहे, थोडा एका बाजूला कलून पोहतो आहे, तोच.

खरं तर हे त्या तळ्यावर मासे धरणाऱ्या कोणालाही दिसलं असतं. पण दिसणं वेगळं आणि त्यावर रात्रभर विचार करणं वेगळं. लौरीने विचार केला तो असा. जर शिकारी माशाला लंगडणाराच मासा हवा असेल, तर मी हजार जिवंत मासे कशाला लावू? मी एक असा खोटा मासा करतो जो कायम लंगडत राहील. न थकता, न मरता.

१९३६ मध्ये त्याने तो केला. साहित्य काय होतं? बुचाचं लाकूड, चांभाराची सुरी आणि सँडपेपर. वरून चमक पाहिजे म्हणून चॉकलेटच्या आणि चीजच्या वेष्टणाची चांदी. ती चांदी पाण्यात निघू नये म्हणून वरून वॉर्निशचा थर पाहिजे, पण वॉर्निश घ्यायला पैसे कुठे होते? मग त्याने जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. आम्हाला मिनी प्रोजेक्टला अर्धं सामान मिळालं नाही तर आम्ही सरांकडे मुदत वाढवून मागतो. या माणसाने निगेटिव्ह वितळवल्या.

पण साहित्य ही सोपी गोष्ट. अवघड होतं ते लंगडणं. इथे थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका.

साधा लाकडाचा तुकडा दोरीने पाण्यातून ओढला तर तो एक तर सरळ येतो, नाहीतर गरगर फिरतो. दोन्ही निरुपयोगी. सरळ येणारा मासा ठणठणीत वाटतो आणि गरगरणारा मासा वाटतच नाही. हवं असतं ते दोघांच्या मधलं: डावीकडे कलणं, सावरणं, उजवीकडे कलणं, पुन्हा सावरणं. त्यासाठी अशा माशाच्या तोंडाखाली एक छोटी तिरपी जीभ बसवतात. ओढताना पाणी त्या जिभेवर आदळतं, माशाला खाली दाबतं आणि जिभेच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यामुळे डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे ढकललं जातं. लाकूड हलकं असल्याने वरचा भाग तरंगायला बघतो, खाली लोंबणाऱ्या गळांचं वजन त्याला उलटू देत नाही. या ओढाताणीतून ती डगमग तयार होते. कंट्रोल सिस्टिमच्या तासाला आपण अस्थिरता घालवायला शिकतो. लौरीने पाण्यात बसून, एकही समीकरण न लिहिता, अगदी मोजून मापून अस्थिरता ठेवायला शिकून घेतलं. जास्त झाली तर मासा उलटतो, कमी झाली तर मेलेला वाटतो.

आता हा मासा होडीतून वापरायचा कसा? त्याची पद्धत आजही तीच आहे. दोरी वीस-तीस मीटर मागे सोडायची, म्हणजे होडीच्या खळबळीपासून तो दूर राहतो. मग पाणवनस्पतीची कड धरून किंवा जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं त्या रेषेवरून सावकाश वल्हवत जायचं, माणूस आरामात चालतो साधारण तेवढ्या वेगाने. अगदी सरळ रेषेत जायचं नाही, नागमोडी जायचं. कारण होडी वळली की मागच्या माशाचा वेग बदलतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तो वेगाने खेचला जातो, आतल्या बाजूला असेल तर मंदावतो. कितीतरी वेळा पाईक बराच वेळ मागे मागे येतो आणि नेमका या बदलाच्या क्षणी झडप घालतो. मध्येच वल्हं थांबवलं तर तरंगणारा मासा हळूच वर येतो, जसा दमलेला मासा येईल तसा. तोही धोक्याचा क्षण, म्हणजे माशाच्या दृष्टीने.

अजून दोन-तीन गोष्टी. दोरीची गाठ माशाच्या नाकाशी घट्ट आवळायची नाही, मोकळा फास ठेवायचा, नाहीतर डगमग मरते. या गाठीला आता रापाला गाठ असंच नाव पडलं आहे. पाईकचे दात दोरी कापतात म्हणून शेवटचा वीतभर भाग तारेचा ठेवतात. मासा पोहताना एका बाजूला जात असेल तर नाकावरची कडी त्याच्या उलट्या बाजूला केसभर वाकवायची. आणि मस्कीसाठी खास युक्ती: हा मासा होडीपर्यंत मागे येतो आणि तिथे विचार करत थांबतो. म्हणून आमिष पाण्याबाहेर काढायच्या आधी होडीच्या कडेलाच काठीने पाण्यात इंग्रजी आठचा आकडा काढायचा. खूप मस्की या शेवटच्या आठ आकड्यावरच लागतात. तिकडचे लोक मस्कीला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. बॅकलॉग असलेल्यांनी धीर सोडू नये तो यासाठीच!

लौरीला या खोट्या माशाने इतकं यश दिलं की त्याने एका दिवसात पावणेतीनशे किलोपर्यंत मासे आणल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. गोष्टीतले चार किलो इकडेतिकडे धरू. पण शेजारच्या मासेमारांना त्याचा खोटा मासा हवा होऊ लागला, हे खरं. आणि तो घरी बसून ते कोरू लागला.

मग युद्ध आलं. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. त्याला हिवाळी युद्ध म्हणतात, ते मार्च १९४० पर्यंत चाललं. लौरी सैन्यात लढला. बूच बाहेरच्या देशातून येत होतं, ते मिळेनासं झालं. तर त्याने पाईन झाडाच्या सालीपासून मासे कोरले. त्या दिवसांचा विचार करताना मला वाटतं, ज्याच्याकडे कधीच काही धड नव्हतं त्याला तुटवड्याची भीती कमी वाटत असावी.

युद्धानंतर मुलं मोठी झाली. रेइयो, एन्सिओ, एस्को ही मुलं बापाबरोबर कामाला बसली. घर हाच कारखाना. प्रत्येक मासा हाताने कोरलेला, प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघितलेला. जो नीट लंगडला नाही तो दुरुस्त करायचा, मगच विकायचा. ही शेवटची अट लौरीने कधी सोडली नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं. (आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं तेच ऑलिम्पिक.) जगभरचे पाहुणे आले आणि परत जाताना काहींच्या खिशात लौरीचे मासे गेले.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. मिनेसोटा हे राज्यही तळ्यांचं, पाईक आणि मस्कीचं. तिथल्या मिनियापोलिस शहरात रॉन वेबर नावाचा मासेमारीचं साहित्य विकणारा एजंट होता आणि रे ऑस्ट्रम नावाचा दुकानदार. १९५९ च्या सुमाराला वेबरच्या हाती हा फिनिश मासा लागला. त्याने बघितलं की बाकीच्यांचे गळ रिकामे येत असताना हा मासा काम करतो आहे. दोघांनी फिनलंडला पत्र लिहून माल मागवला आणि पुढे त्यासाठी नॉर्मार्क नावाची कंपनी काढली. माल इतका कमी आणि मागणी इतकी जास्त की काही दुकानदार हा मासा विकत न देता दिवसाच्या भाड्याने देत होते, असं सांगतात. लाकडाचा मासा, भाड्याने!

आणि मग ऑगस्ट १९६२. लाईफ नावाचं अमेरिकन साप्ताहिक तेव्हा घराघरात जायचं. त्यांनी रापालाच्या माशावर लेख तयार केला होता. तो ज्या अंकात आला त्या अंकाच्या मुखपृष्ठावर होती मेरिलिन मन्रो. ४ ऑगस्टच्या रात्री तिचा मृत्यू झाला होता आणि सगळा देश तो अंक विकत घेत होता. लोकांनी मन्रोसाठी अंक घेतला आणि आतमध्ये त्यांना लौरीचा मासा सापडला. तीस लाख माशांच्या ऑर्डरी आल्याचं सांगतात. घरच्या कारखान्यातून इतके मासे वर्षभरात सोडाच, कित्येक वर्षांत झाले नसते.

इथे नशीब आलं हे मान्य करायला हवं. एका अभिनेत्रीच्या दुःखद मृत्यूने एका मासेमाराचं घर भरलं, यात कोणाचं कर्तृत्व नाही. पण मला वाटतं, नशीब आलं तेव्हा दाराशी माल तयार होता, तोही सव्वीस वर्षं सुधारत आणलेला.

माल वाढवायचा म्हणजे यंत्रं हवीत. मुलांनी लाकूड कोरणारी यंत्रं बसवली. लाकूड आता बाल्साचं, जगातल्या सगळ्यात हलक्या लाकडांपैकी एक. उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. पण बाल्सा हे झाड आहे, प्लास्टिक नाही. दोन तुकड्यांची घनता एकसारखी नसते. एकाच यंत्रातून निघालेले दोन मासे एकसारखे पोहत नाहीत. म्हणून कारखाना कितीही मोठा झाला तरी प्रत्येक मासा टाकीत ओढून, हाताने कडी वाकवून, चाल जुळवून मगच बाहेर पाठवायचा ही लौरीची जुनी पद्धत कंपनीची ओळख बनली. क्वालिटी कंट्रोलच्या पेपरमध्ये आपण शंभरातले पाच नमुने तपासतो असं लिहितो. या माणसाच्या हिशेबात शंभर म्हणजे शंभरच.

लौरी रापाला १९७४ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी गेला. तोपर्यंत चर्चच्या वहीतल्या चुकीचं ते आडनाव जगभर पोचलं होतं. ज्याच्या नावाची जागा रिकामी राहिली होती, त्याच्या नावाने आज गाठ ओळखली जाते.

गोष्ट इथे संपली असती. पण मला हा माणूस का लिहावासा वाटला ते सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकी मराठी दोन्हीकडून अर्धवट. फर्स्ट इयरला होस्टेलच्या कॉमन रूममध्ये ओळखीचा कार्यक्रम झाला. आम्ही पंचवीस-तीस जण भिंतीला लागून उभे. सगळे सारखेच घाबरलेले, सगळे सारखेच तेल लावून भांग पाडलेले. माझा नंबर आला आणि गावाचं वर्णन शुद्ध मराठीत करायला सांगितलं गेलं. मी दुसऱ्याच वाक्याला अडखळलो. एकोणपन्नास म्हणायचं होतं ते एकोणसाठ म्हणालो, मग इंग्रजीत सांगितलं, मग वऱ्हाडीत. लोक हसले. त्यानंतर महिनाभर, जेव्हा जेव्हा कोणाला गंमत करावीशी वाटली तेव्हा तीस जणांमधून मीच बोलावला गेलो. मी तेव्हा विचार करायचो, मीच का? माझ्याशी कोणाचं वैर नव्हतं. उत्तर मला दोन वर्षांनी या फिनिश मासेमाराने दिलं. वैर नव्हतंच. मी थव्यात जरासा कलून पोहत होतो, एवढंच.

आता पुढचं लिहायला जास्त अवघड आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्याच मजल्यावर एक नवीन मुलगा चहाच्या टपरीवर बोलताना अडखळला. मोठी गर्दी होती, पाचसहा नवीन मुलं होती. आणि त्यातून मी बरोबर त्यालाच हाक मारली. पुन्हा बोल म्हणालो. सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने. हसता हसता मला लौरीचा थवा आठवला आणि चहा घशाखाली उतरेना. मी आता थव्यातला राहिलो नव्हतो. मी कडेला दबा धरून बसलेला झालो होतो.

त्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा एक तुकडा घेतला. कानस, सँडपेपर, चॉकलेटची चांदी, डब्याच्या पत्र्याची जीभ. निगेटिव्ह मिळाल्या नाहीत, म्हणून नेलपॉलिश लावलं (बहिणीला न विचारता). पहिला मासा गरगर फिरला. दुसरा ओंडक्यासारखा सरळ आला. तिसऱ्याची कडी मी तीन वेळा वाकवली. चौथ्या वेळेला तो हौदात असा काही डगमगला की हौदाशी बसलेली मांजर उठून उभी राहिली. माझ्या इंजिनिअरिंगचं आतापर्यंतचं सर्वांत मोठं यश ते!

तो मासा घेऊन मी काकांच्या डोंग्यात बसलो. गवताच्या कडेने तासभर ओढला. एकदा पाण्यात मोठी वळवळ झाली, मासा मागे आला आणि वळून गेला. बाकी काही नाही. काकांनी माझा लाकडी मासा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. आणि मग मला त्यांची लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. मरळीला गळ लावताना काका आमिषाचा एक बाजूचा पर जरा दुमडून सोडत, म्हणजे ते सरळ पोहू शकत नाही. लौरीला जे १९३६ मध्ये पैय्यान्नेवर उमगलं ते आमच्या धरणावर काकांना ठाऊक होतंच. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांच्यावर कोणी लेख लिहिला नव्हता, आणि मीही ऐकून विसरलो होतो. काकांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती. मरळ पिलं घेऊन फिरत असते तेव्हा तिच्यासमोर गळ टाकायचा नसतो. ती भुकेने नाही, पिलांच्या काळजीने झडप घालते. तेव्हा तिला धरणं त्यांच्या लेखी मासेमारी नाही.

सुट्टीहून परत आल्यावर मी त्या नवीन मुलाच्या रूमवर गेलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो आणि चक्क अडखळलो. तो हसला. मीही हसलो. आता आम्ही दोघं मिळून वर्कशॉपच्या मागच्या टाकीत लाकडाचे मासे ओढून बघतो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. बोलताना तो अजून अडखळतो. त्याने कोरलेला मासा मात्र एकदाही उलटला नाही.

लौरी रापालाचा पुतळा मी बघितलेला नाही. पण सगळे सारखे दिसत असताना एखाद्याची चाल वेगळी आहे हे ज्याला दिसलं, अशा माणसाची आठवण मला मेसच्या रांगेत रोज येते. ती चाल बघितल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. लौरीने त्यावर आपलं घर उभं केलं. मी एक मित्र मिळवला. तुम्हाला या वर्षी काय मिळतं ते बघा, आणि वर्कशॉपमागच्या टाकीत आमचे मासे तरंगताना दिसले तर कृपया बाहेर काढून फेकू नका!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी